पाव गाळा

पलूसच्या अलीकडं ओढ्यावरचा पूल.
तीन गाळे, काळा दगड, चुना.
नोंदवहीत बांधल्याचं साल नाही;
रकान्यात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय : जुना.

मी टेप घेऊन खाली उतरले तेव्हा
हणमा पाथरूट घोटाभर पाण्यात उभा होता,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कान दगडाला लावून,
हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकत.
"ह्यो बोलतोय. ह्यो बी.
ह्यो मातूर मुका झालाय."
मुक्या दगडावर मी खडूची फुली मारली.

माझ्या पिशवीत साहेबांचा प्रस्ताव होता :
पुलावरचा तीन फूट मुरूम उकरून काढावा,
तेवढंच ओझं कमी.
मला तो पटला होता.
वजाबाकी कुणाला पटत नाही?

हणमानं ऐकून घेतलं. मग वर हाक मारली.
वर इलाही मुल्लाणी दोन ट्रॉल्या ऊस घेऊन
सकाळपासून खोळंबलेला.
त्यानं ट्रॉलीची साखळी खाली फेकली.

"धरा म्याडम त्ये टोक."
दुसरं टोक त्याच्या हातात.
मधे साखळी सैल, पोट सोडून लोंबलेली.
"हिला कुणी शिकवलं असं वळायला?
वजनानं वळती ती. आता मनातच हिला उलटी करा."
मी वर बघितलं.
वर तीच रेघ, दगडात.

त्याचा बाप म्हणे भिंतीवर साखळी टांगायचा,
कोळशानं कड ओढायचा,
आणि सुतार त्याबरहुकूम कालबूत करायचा.
कालबूत काढताना गाव लांब उभं राहायचं.
बाप कमानीखाली बसून तंबाखू मळायचा.

साखळीत कडी कडीला ओढते,
कमानीत दगड दगडाला रेटतो,
एवढाच काय तो फरक.
प्रत्येक दगड पडतोच आहे, पहिल्या दिवसापासून.
शेजारचाही पडतोय.
एसटीच्या दारात दोघं एकदम घुसावेत
आणि दोघंही तिथंच राहावेत, तसं.
चुना चिकटवायला नव्हताच,
नुसता बूड टेकवायला.

आणि ओझं? ते सरळ खाली येत नाही.
तिरकं जातं, खांद्यावरून खांद्यावर,
आणि शेवटी काठाला जाऊन म्हणतं : सरक.
काठ सरकत नाही.
पूल म्हणतात तो खरं तर तिथं असतो,
बाभळीखाली, जिथं कुणी बघत नाही.

"एकच ट्रॉली आण," मी ओरडले, "दुसरी सोड तिथंच."
भेगेवर मागच्या आठवड्यात बसवलेल्या काचपट्टीवर
मी बोट ठेवून उभी राहिले.
ट्रॅक्टर मध्यावर गेल्यावर भीती वाटेल असं वाटलं होतं.
भीती त्याआधीच वाटली.
ट्रॉली पाव गाळ्यावर आली,
आणि पलीकडची कूस
वर उचलू बघत होती, झोपेत कूस बदलावी तशी,
आणि वरून तीन फूट मुरूम
तिला म्हणत होता, पड गप.

काच एकदा वाजली.
तडकली नाही.

"काढा की मुरूम," हणमा म्हणाला,
"मग बघा कशी उठून बसती ती."
आणि खोकला. बराच वेळ.

मी प्रस्तावावर आडवी रेघ मारली.
शेऱ्यात लिहिलं : मुरूम राहू द्यावा.
एक दगड मुका आहे.
बसवणारा एकच माणूस आहे, वय अडुसष्ट,
मुलगा इचलकरंजीला फरशा बसवतो.
मग शेवटच्या दोन ओळी खोडल्या,
तसला रकाना नाही म्हणून.

साखळी अजून आमच्या हातातच होती.
हलकी वाटली होती मघाशी.
पाण्यात पाहिलं तर
हणमा आणि मी
एकमेकांकडं
एकेक पाऊल सरकलो होतो.